अ मर्डर इज अनाउन्स्ड : कोणाचीच खरी ओळख नसलेले गाव

इंग्लंडमधील चिपिंग क्लेगहॉर्न या लहानशा काल्पनिक गावात रविवार सोडून रोज सकाळी जॉनी बट सायकलवरून घरोघर वर्तमानपत्रे टाकतो. कोणाकडे टाइम्स जातो, कोणाकडे डेली वर्कर. शुक्रवारी मात्र जवळजवळ प्रत्येक दारात गॅझेट हे स्थानिक साप्ताहिक पडते आणि जगाच्या बातम्या बाजूला सारून मंडळी आधी त्यातील छोट्या जाहिराती वाचायला घेतात. अशाच एका शुक्रवारी, कुत्र्यांची विक्री आणि घरकामासाठी केलेल्या विनवण्या यांच्या गर्दीत एक निवेदन छापून येते : शुक्रवार, २९ ऑक्टोबर रोजी संध्याकाळी साडेसहा वाजता लिटल पॅडॉक्स या घरी खून होणार असून स्नेहीजनांनी हीच सूचना मानून घ्यावी. आपल्या लग्नपत्रिकेतील ‘हेच अगत्याचे निमंत्रण समजावे’ ही ओळ ज्यांच्या कानात बसली आहे, त्या मराठी वाचकाला या निवेदनाचा सूर चटकन कळेल आणि त्यातील थंडपणा अधिकच जाणवेल.

अगाथा ख्रिस्ती यांची ही कादंबरी जून १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशकांनी तिची जाहिरात लेखिकेचे पन्नासावे पुस्तक अशी केली होती. मिस मार्पल या वृद्ध अविवाहित शोधकर्तीची ही चौथी कादंबरी. शांत खेड्यातील खून हा ब्रिटिश रहस्यकथेचा आवडता विषय तोपर्यंत चांगलाच रुळला होता. कवी ऑडेन यांनी १९४८ मध्ये एका निबंधात असे मांडले होते की रहस्यकथेचे स्थळ जितके नंदनवनासारखे निरागस, तितका तेथे घडणारा खून अधिक विसंगत आणि म्हणून अधिक परिणामकारक. या कादंबरीचे मोठेपण मला नेमके याच ठिकाणी दिसते. ख्रिस्ती यांनी येथे नंदनवनाचे नुसते चित्र रंगवलेले नाही. ते युद्धानंतर आतून कसे मोडले आहे आणि वरून मात्र कसे जसेच्या तसे दिसते, हे त्यांनी दाखवले आहे.

पहिली काही प्रकरणे मी तीनदा वाचली आहेत आणि तिन्ही वेळा तितक्याच आनंदाने. जाहिरात वाचून घराघरांत जी कुजबुज होते, ती संवादांतूनच रंगत जाते. हा एखादा खेळ असावा असे सगळे धरून चालतात आणि ठरलेल्या संध्याकाळी एकेक जण लिटल पॅडॉक्समध्ये हजर होतो. मात्र आपण जाहिरात वाचून आलो, हे कोणीही सरळ कबूल करत नाही. सहज चाललो होतो म्हणून डोकावलो, असाच प्रत्येकाचा आव असतो. आल्यावर काय बोलावे ते न सुचून एकामागून एक पाहुणा तेच वाक्य म्हणतो, की तुमच्याकडे घर गरम करण्याची यंत्रणा सुरू झालेली दिसते! इंधनाची टंचाई असलेल्या त्या काळात शेजाऱ्याच्या घरची ऊब ही खरोखरच नजरेत भरणारी गोष्ट होती, त्यामुळे वाक्य अगदी स्वाभाविक वाटते आणि वाचक हसून पुढे जातो. वाचकाने ते विसरू नये, एवढेच येथे सांगतो. घड्याळात साडेसहा वाजतात, दिवे जातात, दार उघडते, विजेरीचा झोत फिरतो, हात वर करण्याचा हुकूम होतो, गोळ्या सुटतात. दिवे येतात तेव्हा आगंतुक मरून पडलेला असतो आणि घराची मालकीण मिस ब्लॅकलॉक यांच्या कानातून रक्त वाहत असते.

येथून पुढे तपास सुरू होतो आणि कादंबरी आपला खरा विषय हाती घेते. मिस मार्पल इन्स्पेक्टर क्रॅडॉक यांना जे सांगतात, ते या पुस्तकाचे मर्म आहे. पंधरा वर्षांपूर्वी गावात कोण कोण आहे हे सर्वांना ठाऊक असे. नवे कोणी आले तर ते कोणाचे तरी परिचयाचे पत्र घेऊन येत, कोणाच्या तरी पलटणीतले किंवा जहाजावरचे असत. आता मोठी घरे विकली गेली आहेत, लोक जगाच्या कानाकोपऱ्यांतून येऊन राहतात आणि ते स्वतःविषयी जे सांगतात तेवढेच शेजाऱ्यांना माहीत असते. या बाहेरून आलेल्यांच्या यादीत मिस मार्पल हिंदुस्थानचे नाव घेतात. गावातील कर्नल ईस्टरब्रुक हेही आपल्या तेथील नोकरीचे दाखले देत असतात. १९४७ नंतर साम्राज्यातून परतलेल्या साहेब मंडळींचे पुढे काय झाले, याची ही एक लहानशी खिडकी आहे आणि ती आपल्या बाजूने पाहताना वेगळीच दिसते.

क्रॅडॉक मनाशी विचार करतात की आज माणसाची ओळख म्हणजे रेशनचे पुस्तक आणि सरकारी ओळखपत्र. त्यावर ना छायाचित्र, ना बोटांचे ठसे, केवळ नाव आणि क्रमांक. ही लेखिकेची कल्पना नव्हे. १९३९ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये सुरू झालेली ती ओळखपत्रे १९५२ मध्ये बंद झाली, तर जानेवारी १९४० मध्ये सुरू झालेले अन्नाचे रेशनिंग जुलै १९५४ पर्यंत चालले. म्हणजे कादंबरी लिहिली जात असताना वाचकांच्या खिशात तीच कागदपत्रे होती. एरवी अशा कथांतील काळे गुपित जुन्या पापाच्या किंवा वारशाच्या रूपाने येते. तसा वारसा येथेही आहे, पण त्याहून खोल भीती ही की शेजारी चहा पिणारा माणूस खरोखर कोण आहे, हे सिद्ध करायला कोणाकडेच काही नाही.

टंचाईचा तपशील लेखिकेने स्वयंपाकघरापर्यंत नेला आहे. गुरुवारी एका शेतावर लोणी निघते आणि ते नियम डावलून ओळखीच्या घरी पोहोचते. कोणी त्याबदल्यात काकडी पाठवते, डुक्कर कापले की त्यातला वाटा इकडे तिकडे जातो. दारे उघडीच असतात, म्हणून कोणीही कोणाच्या घरात जाऊन वस्तू ठेवून येते. पोलिसांना हे सांगायचे कसे, या संकोचामुळेच साक्षींमध्ये गाळलेल्या जागा राहतात. डोरा बनर या साध्याभोळ्या बाईच्या वाढदिवसासाठी केक करायचे ठरते, तेव्हा अमेरिकेतून आलेला लोण्याचा डबा, नाताळसाठी राखून ठेवलेले बेदाणे, चॉकलेटची वडी आणि साखर असे सारे साठवणीतले बाहेर काढले जाते. त्या केकला घरातील तरुण मंडळींनी दिलेले नाव ‘डिलिशस डेथ’ असे आहे. डोराचे त्या केकवरचे निष्पाप प्रेम वाचताना माझ्या घशाशी दर वेळी काहीतरी दाटून येते. रहस्यकथेत अशी माया क्वचितच आढळते.

रचनेच्या बाबतीत ही कादंबरी अत्यंत प्रामाणिक आहे. जवळजवळ सर्व खुणा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेल्या आहेत. काही तर अक्षरांच्या पातळीवर आहेत, त्यामुळे अनुवादकाला फार जपून काम करावे लागेल आणि इंग्रजी वाचू शकणाऱ्याने मूळ पुस्तकच घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. एक खूण मात्र मराठीतही तितकीच नेमकी उतरते. एक पात्र घाईघाईत म्हणते, ‘ती तिथे नव्हती.’ जोर ‘ती’वर दिला तर एक अर्थ, ‘तिथे’वर दिला तर दुसरा, ‘नव्हती’वर दिला तर तिसरा, आणि ऐकणाऱ्याला जोर कोठे होता हे आठवत नाही. हे वाक्य उच्चारणाऱ्या मिस मर्गट्रॉइड आणि त्यांच्याबरोबर राहून कोंबड्या-डुकरे पाळणाऱ्या मिस हिंचक्लिफ यांचे सहजीवन लेखिकेने कोणतीही टिप्पणी न करता, आदराने रंगवले आहे.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. मिट्झी ही मध्य युरोपातून आलेली निर्वासित स्वयंपाकीण. आपल्या घरच्यांना डोळ्यांदेखत मारले गेले असे ती सांगते, पण घरातले आणि गावातले तिला थापाडी ठरवतात आणि कथन स्वतःच तिच्या भीतीला विनोदाचे साधन करते. युद्ध संपून पाच वर्षेही झालेली नसताना असा विनोद करणे ही चूक होती आणि आज ती अधिकच बोचते. शेवटी तिच्याकडे एक धाडसाचे काम येते, परंतु तेवढ्याने भरपाई होत नाही. शिवाय एकाच छपराखाली जमलेल्या योगायोगांची संख्या उत्तरार्धात जरा जास्तच होते. तरीही खुन्याच्या मनाचे जे चित्र अखेरीस उभे राहते, त्यात दुष्टपणापेक्षा दुबळेपणा आणि वाया गेलेले तारुण्य अधिक आहे. त्या पानांसाठी ही अतिशयोक्ती मी सहन केली.

ख्रिस्ती यांचे काहीच न वाचलेल्या वाचकानेही येथून सुरुवात करायला हरकत नाही. बीबीसीने १९८५ मध्ये जोन हिक्सन यांना घेऊन केलेले रूपांतर सुरेख आहे, पण ते पुस्तकानंतरच पाहावे. अखेरचे छोटे प्रकरणही घाईत उरकू नये. त्यात मधुचंद्राहून गावी परतलेले एक नवविवाहित जोडपे वर्तमानपत्रे लावायला टॉटमन यांच्या दुकानात जाते, कोणकोणती हवीत ते सांगते आणि गॅझेट मात्र नको म्हणते. ते दोघे निघून गेल्यावर टॉटमन बायकोला हे सांगतात, तेव्हा ती म्हणते की तुम्ही नक्कीच चुकीचे ऐकले असणार. गॅझेट घेतले नाही, तर इथे काय चालले आहे हे त्यांना कळणार तरी कसे?