पहिली खरेदी: द्विनेत्री की सहा इंची दुर्बीण?

पाऊस ओसरला की आपल्याकडे आकाश बघणाऱ्यांचा हंगाम सुरू होतो, तो थेट मे महिन्यापर्यंत. दिवाळीच्या आगेमागे ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच: "दुर्बीण घ्यायची आहे, कोणती घेऊ?" माझ्याकडे यावर दोनच नावं आहेत. एक १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे दुकानात बायनॉक्युलर म्हणून मागतो ती. दुसरी सहा इंच आरशाची डॉबसोनियन दुर्बीण, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या बैठकीवर बसवलेली आरशाची नळी. या दोन्हींमधून तुमची कोणती, ते ठरवायला मदत व्हावी म्हणून हे लिहितोय.

आधी एक तिसरी वस्तू बाजूला करू, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच जातात. माझेही गेले होते. खोक्यावर '५२५ पट' असं ठळक छापलेलं, आत ७० मिलिमीटरचं भिंग आणि काटकुळ्या पायांचा ट्रायपॉड. मोठ्या मिनतवारीने गुरू सापडायचा, फोकसच्या चाकाला बोट लावलं की थरथरत निसटायचा. दुर्बिणीची ताकद किती पट दिसतं यात नसते, भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात असते. व्यासाच्या दर इंचाला फार तर पन्नास पट धरा. त्यापुढे प्रतिमा फुगते, पण तिच्यात नवीन काही दिसत नाही. '५२५ पट' असं कुणी विकत असेल तर तिथून निघा.

आता द्विनेत्री. १०×५० मधला १० म्हणजे दहा पट आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. अंधाराला सरावलेल्या डोळ्याची बाहुली साधारण सात मिलिमीटर उघडते. तिच्या मानाने ५० मिलिमीटरचं भिंग पन्नासएक पट प्रकाश गोळा करतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एका वेळी साडेसहा अंशांच्या आसपास आकाश दिसतं, पूर्णिमेचे तेरा चंद्र एका ओळीत मावतील एवढं. कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसतात. द्विनेत्रीत त्यांच्या डझनावारी होतात, निळसर पांढऱ्या, भोवती काळं आकाश राखून. हाच पुंजका सहा इंची दुर्बिणीत कमीत कमी पटीलाही मावत नाही, तुकड्यातुकड्यांनी बघावा लागतो. देवयानी दीर्घिकेचंही तसंच. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून आलेला तो लांबट धुरकट पट्टा अख्खा बघायचा तर द्विनेत्रीच हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला खाली उतरलेला असायचा, अंधार पडेपर्यंत तो मावळायच्या बेतात यायचा. अशा घाईच्या वेळी गळ्यात अडकवलेली द्विनेत्रीच कामाला येते.

हात हलतो, ही तिची अडचण. गुरूचे चार चंद्र तिच्यातून दिसतात, पण उभ्याने बघितलंत तर ते चार बारीक रेघांसारखे नाचत राहतात. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही कोपर टेका, श्वास सोडा आणि क्षणभर थांबा. रेघांचे ठिपके होतात. गुरूच्या एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला एक, असं मी पहिल्यांदा बघितलं आणि दुसऱ्या रात्री दोन-दोन झालेले दिसले. १६१० च्या जानेवारीत गॅलिलिओ रोज रात्री नोंदवत होता ते हेच. त्यासाठी मला काहीही जोडावं-बसवावं लागलं नव्हतं.

शनी मात्र द्विनेत्रीच्या आवाक्यातला नाही. दहा पटीत तो फार तर किंचित लांबट ठिपका दिसतो. कडी बघायची तर सहा इंची हवीच. मार्च २०२५ मध्ये शनीची कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती, त्यामुळे जवळपास नाहीशी झाली होती. आता दर हंगामात ती थोडी थोडी उघडत जाणार आहेत. ज्याला ग्रहांचं वेड आहे त्याने या काळात दुर्बीण घेतली तर ते उघडणं वर्षानुवर्षं बघता येईल.

आणि चंद्र! इथे दोन्हींची तुलनाच नको. शुद्ध षष्ठी-सप्तमीला उजेड आणि अंधाराच्या सीमेवर दुर्बीण लावा. काळ्या भागात एकच ठिपका उजळलेला असतो. ते असतं एखाद्या विवरातलं शिखर. तळाशी अजून रात्र आणि माथ्यावर ऊन. तासाभराने त्याच्या शेजारी दुसरा ठिपका उगवलेला असतो. चंद्रावरची सकाळ अशी बसल्या जागी पुढे सरकताना दिसते. चांद्रयान-३ उतरलं ती जागा दाखवा, असं २०२३ पासून खूप जण म्हणतात. विक्रम लँडर पृथ्वीवरच्या कुठल्याच दुर्बिणीतून दिसत नाही. सहा इंचीतून दीड-दोन किलोमीटरपेक्षा लहान काही वेगळं ओळखू येत नाही. पण दक्षिणेच्या कडेजवळचं मँझिनस हे शंभरेक किलोमीटरचं विवर सापडतं आणि विक्रम त्याच्याच शेजारच्या मुलखात आहे. तिथे बोट ठेवून सांगता येतं, एवढंही मला पुरतं.

एक गोष्ट आपल्या अक्षांशाचं देणं म्हणून सांगतो. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला खाली नरतुरंग तारकासमूहात ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ येतो. युरोपातल्या बहुतेक हौशी मंडळींना तो घरून दिसतच नाही. द्विनेत्रीत तो कापसाच्या बोळ्यासारखा दिसतो. सहा इंचीत १२० पटीला त्या बोळ्याचे कण सुटे होतात, रांगोळी सांडावी तसे.

दुर्बिणीला मात्र मेहनत लागते. नळी सव्वा मीटरच्या आसपास, खालच्या बैठकीसकट वजन पंधरा किलोंच्या पुढे. लिफ्ट नसेल तर दोन खेपा. बाहेर नेल्यावर आरसा थंड होईपर्यंत अर्धा तास थांबायचं. प्रतिमा उलटी दिसते, तिची सवय करायची. आणि प्रवासात आरसे हलले की ते पुन्हा जुळवायचे. वांगणीला आकाशदर्शनाला जायचं तर कर्जत लोकलच्या गर्दीत ही नळी न्यायची कशी? द्विनेत्री सॅकमध्ये डब्याशेजारी बसते.

म्हणून फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, तारे अजून ओळखू न येणाऱ्याला आणि महिन्यातून एकदा शहराबाहेर जाणाऱ्याला मी द्विनेत्रीच सांगतो. पैशांचंही बघा, एका चांगल्या डॉबसोनियनच्या किमतीत तीन-चार बऱ्या द्विनेत्री येतात. स्वतःची गच्ची किंवा अंगण असेल, घरात बघणारे तिघं-चौघं असतील आणि मृग, सिंह, वृश्चिक नकाशाशिवाय सापडत असतील, तर थेट सहा इंची घ्या. आधी द्विनेत्रीचा टप्पा गाठलाच पाहिजे असं नाही. ठरत नसेल तर आधी एक रात्र खगोल मंडळ किंवा पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थेच्या आकाशदर्शनाला जा. परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. तिथे दोन्हींतून बघा, मग पैसे काढा. यातलं काहीही, योग्य सौर फिल्टर पुढच्या तोंडाला लावल्याशिवाय, सूर्याकडे क्षणभरही वळवायचं नाही. लहान मुलं असतील तर दिवसा दोन्ही कुलपात.

पावसाळ्याचंही आधीच सांगून ठेवतो. एका वर्षी मी द्विनेत्री तिच्या पिशवीतच कपाटात ठेवली. दसऱ्याला काढली तर भिंगाच्या आतून कोळिष्टकासारखे पांढरे धागे पसरलेले. बुरशी. साफ करून आणली, तरी उजव्या भिंगावर डाग राहिला तो आजही आहे. तेव्हापासून जूनमध्ये ती सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात जाते, पुड्या दर पंधरवड्याला बदलतो. दसऱ्याच्या सुमारास डबा उघडला की संध्याकाळी ईशान्येला शर्मिष्ठा हा तारकासमूह शोधायचा आणि त्याच्या उजवीकडे देवयानीचा तो धुरकट पट्टा.