नॉर्विच कासल म्युझियममधली अस्थींची मडकी : ४.५ स्टार

लेक नॉर्विचला शिकायला आहे म्हणून गेलो होतो, नाहीतर मडकी बघायला कोण इंग्लंडला जातं. मी स्वतः पुण्यात चार वर्षं पॉटरी क्लासला जातेय, त्यामुळे हा रिव्ह्यू म्युझियमचा कमी आणि मडक्यांचाच जास्त समजा.

नॉरफोकमधल्या नॉर्थ एल्महॅम गावाजवळ स्पाँग हिल म्हणून जागा आहे, तिथे १९७२ ते १९८१ खोदकाम चाललं आणि दोन हजारांच्या वर अस्थिकलश निघाले. पाचव्या-सहाव्या शतकातले, म्हणजे रोमन लोक गेल्यावर उत्तर जर्मनी-डेन्मार्ककडून जे अँग्लो-सॅक्सन आले त्यांचे. माणूस जाळायचा, अस्थी वेचायच्या, मडक्यात भरून पुरायचं. हे वाचताना लगेच सासऱ्यांच्या वेळचं आठवलं, कुंभाराकडचं साधं मडकं, लाल फडकं, नाशिकला रामकुंडावर विसर्जन. आपण मडक्याकडे बघत पण नाही, यांनी मात्र त्याच्यावर जीव ओतलाय.

आता मडकं कसं आहे ते सांगते. चाक नाहीच. मातीच्या वळ्या एकावर एक रचून, हातानेच सारखं केलेलं, मातीत वाळू, दगडाचा चुरा नाहीतर गवत मिसळलेलं, आणि साध्या जाळात भाजलेलं म्हणून रंग कुठे काळा, कुठे तपकिरी, कुठे राखाडी. मानेभोवती ओरखडलेल्या रेघा, खाली पोटावर आतून बोटाने दाबून काढलेले फुगवटे, आणि मधे ठसे. ठसे हाडाचे किंवा हरणाच्या शिंगाचे कोरलेले असायचे, कुठे गोल, कुठे चौकड्यांचे, कुठे फुलासारखे. गंमत म्हणजे एकच ठसा वेगवेगळ्या मडक्यांवर सापडतो, त्यावरून अभ्यासक ओळखतात की ही एकाच हातची किंवा एकाच घरची. काहींवर स्वस्तिकं पण असतात, आपल्याला जरा चमकायला होतं पण तिकडे तो जुनाच प्रकार आहे.

एका मडक्यापुढे मी अर्धा तास उभी, आमचे हे कंटाळून बाहेर जाऊन बसले. ठशांची ओळ गोल फिरत येते ना, ती जिथे सुरू झाली तिथे येऊन मिळताना गडबड झालीये, जागा उरली दोन ठशांची आणि मारलेत तीन, शेवटचा पहिल्याच्या अंगावर चढलाय. वर काठ पण एका बाजूला कललेला. अर्धा स्टार तिथे कापला, कुंभाराचा कापलाय, म्युझियमचा नाही.

आत नुसती राख नसायची. हाडांचे कंगवे, छोटे छोटे चिमटे आणि कात्र्या, जाळात वितळून गोळा झालेले काचेचे मणी, आणि घोड्या-मेंढ्यांची हाडं पण. आणि ही मडकी सगळीच अंत्यविधीसाठी मुद्दाम केलेली नसावीत, लिंकनशायरमधल्या एल्शम आणि क्लीथमच्या मडक्यांच्या आतल्या बाजूला झीज दिसली, बियरसारखं काहीतरी आंबवताना पृष्ठभाग खातो तशी. म्हणजे घरातलंच वापरातलं भांडं, मग त्यातच घरातला माणूस. हे मला फार आवडलं.

स्पाँग मॅन चुकवू नका! कलशाचं झाकण आहे, त्यावर खुर्चीत बसलेला मातीचा माणूस, वीतभर पण नाही, कोपरं गुडघ्यावर, दोन्ही हात चेहऱ्याला लावलेले, डोक्यावर चपटी गोल टोपी. १९७९ मध्ये सापडला. लेक म्हणाली, "आई, तू माझ्या रिझल्टच्या दिवशी अशीच बसतेस."

जाता जाता एक, नॉर्विचमध्येच सतराव्या शतकात थॉमस ब्राउन नावाचे डॉक्टर राहायचे, त्यांनी वॉल्सिंगहॅमला निघालेल्या अशाच मडक्यांवर १६५८ मध्ये छोटं पुस्तक लिहिलं, पण त्यांना ती रोमन वाटली, होती अँग्लो-सॅक्सन. आपल्या हाडांचं पुढे काय होईल कुणास ठाऊक असं लिहिणाऱ्या या माणसाचीच कवटी १८४० मध्ये शवपेटीतून गेली, ती परत पुरली १९२२ ला.

तिकीट काढावं लागतं, वर चढ आहे, गुडघेवाल्यांनी सावकाश. जेवणाची मात्र सोय करून जा, स्टेशनजवळ एका ठिकाणी जे सँडविच मिळालं ते त्या मडक्यांच्याच काळातलं असावं.

घरी आल्यावर बटाटा कोरून फुलाचा ठसा केला आणि ओल्या मडक्यावर गोल मारत गेले, अगदी मोजून. शेवटचा अर्धा पहिल्यावर चढलाच.