नवा फ्लॅट: एजंटमार्फत की थेट बिल्डरकडे?

मावसभावाला पुण्यात वाकडला टू बीएचके घ्यायचाय. एजंट धरावा की थेट साइट ऑफिस गाठावं, यात अडकलाय.

खर्च म्हणाल तर नव्या प्रकल्पात एजंटचं कमिशन बहुधा बिल्डरच देतो. साहजिकच, जिथे कमिशन जास्त ती इमारत आधी दाखवली जाते! थेट गेलात तर तेवढाच दर पाडून मागता येतो. पण पहिल्या भेटीला एजंट सोबत असला की तुमची ग्राहक म्हणून नोंद त्याच्या नावावर. मग घासाघीस अवघड.

दगदग एजंटमुळे वाचते. सॅम्पल फ्लॅट मात्र दोन्हीकडे सारखाच नटवलेला. कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापरायची जागा) आणि एजंटची नोंदणी महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, साइटवर बघा. करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त कुणालाच देऊ नका.

परगावी राहून चार प्रकल्प बघायचेत? एजंट. इमारत ठरलीय? थेट जा.