बिलात टायमिंग सेट, नटाला मात्र पानाच लागला नव्हता

छोट्या सिंगल-सिलिंडर पेट्रोल इंजिनाचं काम बाहेर देणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

माझं इंजिन जुन्या पद्धतीचं, पॉइंटवालं, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारे छोटे संपर्क असलेलं. सुरू व्हायला त्रास द्यायचं, लोड आला की मिसिंग करायचं. गॅरेजवाल्याने प्लग काढून ठिणगी पाहिली. बारीक, पिवळट होती. "मॅग्नेटोचं टायमिंग गेलंय, रिंगाही गेल्यात," म्हणाला. सिलिंडरमधला दाब मोजणारं कॉम्प्रेशन गेज न लावताच! (मॅग्नेटो म्हणजे चुंबक आणि कॉइलने ठिणगीची वीज तयार करणारी जोडणी, टायमिंग म्हणजे ठिणगी पडायची वेळ, आणि रिंगा पिस्टनच्या.) रिंगा, पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटसोबतचा छोटा विद्युत भाग), टायमिंग सेटिंग असं लांबलचक बिल झालं. पैसे भरून इंजिन आणलं, तर दुखणं तेच.

दुसऱ्या मेकॅनिकने कव्हर काढून मला फ्लायव्हीलचा, म्हणजे क्रँकशाफ्टवर बसवलेल्या चुंबकवाल्या जड चाकाचा, नट दाखवला. नट आणि वॉशरवर कंपनीचा रंग सलग होता, कुठेही तुटलेला नाही. या इंजिनात पॉइंट आणि कंडेन्सर फ्लायव्हीलच्या खाली बसतात आणि फ्लायव्हीलला खिडकीही नाही. नट सोडून पुलर (चाक ओढून काढायचं अवजार) लावल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. म्हणजे ज्या कामाचे पैसे घेतले, ते झालंच नव्हतं. रिंगांचंही काय झालं असेल देव जाणे, कारण जुने भाग परत दिलेच नव्हते.

खरा दोष निघाला क्रँकशाफ्टवरच्या चावीत, म्हणजे फ्लायव्हीलला शाफ्टवर जागच्या जागी धरणाऱ्या धातूच्या छोट्या तुकड्यात. ती अर्धवट कापली गेली होती, त्यामुळे फ्लायव्हील किंचित सरकलं होतं. पॉइंट उघडवणारा कॅम क्रँकशाफ्टवर असतो, त्यामुळे पॉइंट वेळेवरच उघडायचे. पण त्या क्षणी चुंबक कॉइलसमोर योग्य जागी नसायचं, म्हणून ठिणगी कमजोर. अशा वेळी निष्पाप कॉइल बदलली जाते. पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात मात्र ठिणगी चुंबकाच्याच इशाऱ्यावर पडते. तिथे फ्लायव्हील पुढे सरकलं तर ठिणगी जोरदार असूनही लवकर पडते आणि इंजिन सुरू करायची दोरी हाताला उलटा झटका देते. चावी मऊ धातूची, स्वस्तातली वस्तू. आधी ती पाहायची.

जाब विचारला तर गॅरेजवाला म्हणतो, "टायमिंग बाहेरूनच लागतं." साफ खोटं! पॉइंटची फट वाढली की टायमिंग ॲडव्हान्स होतं (ठिणगी लवकर पडते), कमी झाली की रिटार्ड (उशिरा). म्हणून फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) मॅन्युअलप्रमाणे लावावी लागते; लहान इंजिनांत ती साधारण 0.3 ते 0.5 मिमी असते. न उघडता ती कोण मोजणार? पैसे त्याने परत केले नाहीतच.

इंजिन देण्याआधी फ्लायव्हीलच्या नटावरून वॉशरपर्यंत रंगाची रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. जुने पॉइंट, कंडेन्सर, चावी परत हवी, हे काम सुरू होण्याआधीच सांगा.