यॉर्कचा वायकिंग उत्सव आणि तात्यांची टकळी

इंग्लंडात फेब्रुवारीत शाळांना आठवडाभर सुट्टी लागते, त्याच आठवड्यात यॉर्क शहरात योर्विक वायकिंग फेस्टिव्हल भरतो. १९८५ पासून भरतोय. आम्ही राहतो लीड्सला, रेल्वेने जेमतेम अर्धा तास. तरी सात वर्षांत एकदाही जाणं झालं नव्हतं. यंदा लेकीने हट्टच धरला. तिला तलवारी बघायच्या होत्या. तिने त्या मनसोक्त बघितल्या. मी एका तंबूपाशी दीड तास उभी होते, आणि शुक्रवारी एकटीच परत गेले.

हा उत्सव इथेच का, हे आधी कळलेलं बरं. ८६६ साली वायकिंगांनी, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या दर्यावर्दी लढवय्यांनी, हे शहर घेतलं, त्यांच्या तोंडी त्याचं नाव योर्विक झालं. पुढे १९७६ ते १९८१ या काळात कोपरगेट नावाच्या रस्त्यावर उत्खनन झालं. तिथल्या ओल्या मातीत हवाच शिरत नव्हती, त्यामुळे लाकूड, चामडं, लोकर हजार वर्षं कुजल्याशिवाय राहिली. चाळीस हजारांवर वस्तू निघाल्या. उत्सवात वायकिंगांच्या तंबूंची छावणी असते; तिथली माणसं जे हाताने करून दाखवतात, त्यातल्या कितीतरी गोष्टींना असा जमिनीतून निघालेला पुरावा आहे. आणि कोपरगेटचा तांब्याशी काही संबंध नाही. गेट म्हणजे त्यांच्या भाषेत रस्ता, आणि कोपर म्हणजे लाकडी पेले करणारे. आपली तांबट आळी, तशी ही कातारी आळी! छावणीत एक कातारी खरोखरच बसलेला होता. डोक्यावर लवचीक दांडा, त्याला बांधलेली दोरी लाकडाला वेढा देऊन खाली पायट्याला. पाय दाबला की लाकूड फिरतं, सोडला की दांडा दोरी वर ओढून घेतो. सालं त्याच्या मांडीवर पडत होती, ओल्या लाकडाचा वास येत होता.

पण मी थांबले ती त्याच्या शेजारच्या तंबूत. तिथे साठीच्या एक बाई उभ्या राहून लोकर कातत होत्या. काडी, खाली दगडाची गोल चकती, गिरकी देऊन सोडलेली. माझ्या तोंडून मोठ्यांदा निघालं, "अगं बाई, टकळी!"

आमचं गाव माण तालुक्यातलं. आजोबा, म्हणजे तात्या, मेंढरांमागे चालता चालता कातायचे. टकळी मांडीवर घासून सोडायची आणि चालत राहायचं. मला त्यांनी शिकवलं तेव्हा मी दहा वर्षांची असेन. मी बाईंना विचारलं, हातात घेऊ का? त्यांनी लगेच दिली. दोनदा धागा तुटला. तिसऱ्यांदा बोटांना आपोआप आठवलं आणि तो लांबत गेला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी ते पाहिलं, काही बोलल्या नाहीत, आणखी लोकर पुढे केली.

मग गप्पा लागल्या. त्यांनी विचारलं, तुमच्याकडची मेंढी कोणती? म्हटलं दख्खनी, काळी, राठ लोकर, तिची घोंगडी होते, आणि घोंगडी विणणारे सनगर ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. त्यांनी वही काढून ते लिहून घेतलं. त्यांच्या दोरीवर रंगवलेल्या लडी टांगल्या होत्या. लाल रंग मॅडरच्या मुळांचा, आपल्या मंजिष्ठेची ही सख्खी चुलत बहीण. निळा वोडच्या पानांचा, आणि त्यातला रंग तोच, जो आपल्या निळीत असतो.

योर्विक वायकिंग सेंटर या इथल्या संग्रहालयात कोपरगेटला सापडलेला लोकरीचा एक मोजा आहे. तो बघितल्याशिवाय परत फिरू नका. घोट्याखाली येणारा, सपातेसारखा. तो विणलाय एकाच सुईने, अंगठ्यावर फास घेत घेत. प्रत्येक फासातून अख्खा धागा ओढून काढायचा, म्हणून तो कुठे तुटला तरी उसवत नाही. सेंटरचं तिकीट आधीच काढून ठेवा, सुट्टीत रांग मोठी असते.

लढाईबद्दल थोडंच. मुलांना आवडतेच. पाती बोथट असतात, पण ढालींचा आवाज छातीत घुमतो. लेकीला कड्यांचं चिलखत अंगावर चढवून दिलं, ती त्या वजनाने तिथेच खाली बसली. बाहेर एका दुकानात शिंगांची प्लॅस्टिकची शिरस्त्राणं विकायला होती. ती घेऊ नका. वायकिंग शिंगं लावून लढत नसत, ती कल्पना १९व्या शतकातल्या ऑपेराच्या वेशभूषेतून रुजली. एका ठेल्यावर घेतलेला रस्सा गार निघाला आणि पैसेही बरेच पडले. दुसऱ्या दिवशी मी डब्यात धपाटे नेले.

शनिवारी जाऊ नका, तंबूपाशी उभं राहायला जागा मिळत नाही. सुट्टीतल्याच मधल्या वारी, सकाळी उघडल्या उघडल्या जा. पायांत जाड मोजे घाला, फरशी बर्फासारखी गार असते. आणि लाजू नका, ही माणसं आपण विचारावं म्हणूनच तिथे बसलेली असतात.

मी हाडाची एक सुई घेऊन आले. मोजा निम्मा झालाय, टाचेशी अडकलाय. पुढच्या फेब्रुवारीत तो बाईंना दाखवायचाय, आणि आईकडून तात्यांची टकळी मागवलीय, तीही.