ई-२० की शंभर ऑक्टेन? जुन्या पेट्रोल गाडीसाठी पुण्यात काय परवडतं

पंपावर साधं पेट्रोल म्हणून आता ई-२० मिळतं, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल. ई-१० वेगळं मागून मिळत नाही. इथेनॉल टाळायचं असेल तर मोजक्या पंपांवरचं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल (ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी न पेटण्याच्या क्षमतेचा आकडा), नाहीतर सीएनजी किट, एवढेच मार्ग उरतात. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचं रबर-प्लास्टिक ई-२० धरूनच निवडलेलं असतं. प्रश्न त्याआधीच्या गाड्यांचा आहे. मालक आधी गाडीचं वय मोजतात. पण त्याहून महत्त्वाचं आहे ते हे, की पेट्रोल टाकीत किती दिवस पडून राहतं.

आधी पैशांचं पाहू. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसरा हिस्सा ऊर्जा कमी असते. त्यामुळे ई-१० वर १५ चं अॅव्हरेज देणारी कार ई-२० वर साडेचौदाच्या आसपास येते. वर्षाला १०,००० किलोमीटर आणि लिटरला १०५ रुपये धरले तर वाढीव खर्च सुमारे २,४०० रुपये. हेच अंतर शंभर ऑक्टेनवर कापलं तर अॅव्हरेज साडेपंधरापर्यंत जाईल खरं, पण लिटरला १६० रुपये धरल्यास ई-२० पेक्षा वर्षाला जवळपास ३१,००० रुपये जास्त मोजावे लागतील. साध्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला वरच्या ऑक्टेनचा फायदाही होत नाही. रोज हिंजवडीला जाणाऱ्या इंजेक्शनच्या (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) कारसाठी हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

अशा कारमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय हे ओळखून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. ओबीडी स्कॅनर (या संगणकाची माहिती वाचणारं यंत्र) लावून लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवून देतोय तो आकडा, पाहा. ई-१० वरून ई-२० वर गेल्यावर आकडा तीन-चार टक्क्यांनी वाढणं अपेक्षित आहे. तो +१० टक्क्यांच्या पुढे गेला किंवा पी-०१७१ कोड (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा इशारा) आला, तर दोष एकट्या इथेनॉलच्या माथी मारू नका. व्हॅक्यूम पाइप गळतोय का, पंपाचा दाब उतरलाय का, इंजेक्टर तुंबलाय का, हे तपासा.

कारचा खरा खर्च रबराचा आहे. जुन्या नायट्राइल रबराच्या नळ्या आणि ओ-रिंग इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात, पुन्हा सुकल्या की तडकतात. सकाळी पार्किंगमध्ये पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करण्याआधी बॉनेट उघडून नळ्या पाहा. नाना पेठेत नळी घेताना नुसती ‘पेट्रोल पाइप’ मागू नका. इंजेक्शनला साधारण तीन बार दाब असतो, त्यासाठी ‘एसएई जे-३० आर-९’ हे मानक छापलेली नळी लागते. आर-७ फक्त कार्ब्युरेटरसाठी. ओ-रिंग विटॉनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) घ्या. जुन्या लोखंडी टाकीत बसलेला मळ इथेनॉल सोडवतं आणि तो फिल्टरमध्ये अडकतो, म्हणून पहिल्या दोन-तीन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

दुचाकींचं गणित वेगळं आहे, आणि पुण्यात प्रश्न जास्त त्यांचाच आहे. एप्रिल २०२० आधीच्या बहुतेक मोटरसायकली कार्ब्युरेटरच्या. त्यांना सेन्सर नाही, मिश्रण आपोआप सुधारत नाही. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट, पिकअपला अडखळणं, पांढराफटक पडलेला प्लग ही पेट्रोल कमी पडत असल्याची लक्षणं. कात्रज घाट चढताना इंजिन नको तितकं तापतं. उपाय सोपा आहे: कार्ब्युरेटरमधला मेन जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) एक पायरी मोठा, आणि मिक्स्चर स्क्रू पाव फेरा फिरवायचा. स्क्रू इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, तो बाहेर काढायचा. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, तो आत घ्यायचा. हे उलटं केलं तर दुखणं वाढतं.

आता उभ्या गाड्या. महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली टू-स्ट्रोक चेतक, क्वचित निघणारी जुनी कार, मुळशी-मावळात पावसाळ्यानंतर बाहेर येणारा ब्रश कटर (गवत कापायचं यंत्र), दुकानातला छोटा जनरेटर. इथे शंभर ऑक्टेनचे जादा पैसे वसूल होतात, कारण वर्षाला लागतातच पाच-दहा लिटर. छोट्या इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत इथेनॉलची मर्यादा १० टक्केच दिलेली असते.

इथेनॉल पाणी धरून ठेवतं. थोडं पाणी त्यात विरघळून जळून जातं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात. पेट्रोल तळातूनच खेचलं जातं, त्यामुळे इंजिन बंद पडतं आणि टाकी गंजते. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पार्किंगमध्ये पाणी शिरलं होतं. गाडीवर अशी वेळ आली तर स्टार्टर मारू नका. तळातलं २०० मिली पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा, वरून नवं पेट्रोल ओतून ते दुरुस्त होत नाही. महिनाभर गाडी निघणार नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरचा बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) रिकामा करा.

सीएनजी भरपूर फिरणाऱ्यालाच परवडतो. त्यातही पेट्रोल टाकीत पडून राहतंच. पाव टाकी ठेवा आणि आठवड्यातून काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा.

‘प्रीमियम’ किंवा ९५ ऑक्टेन लिहिलंय म्हणून त्यात इथेनॉल नाही असं समजू नका. खात्री करायची तर उघड्यावर, आगीपासून दूर, काचेच्या मोजपात्रात २० मिली पाणी आणि ५० मिली पेट्रोल घ्या, हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर २० वरच राहिला तर इथेनॉल नाही. ३० च्या जवळ गेला तर ते ई-२०.