पहाटे पाचचं कॅनडा फुटबॉल: सीएफएल प्लसचा एक सीझन बघून

सेवा म्हणजे सीएफएल प्लस, कॅनडियन फुटबॉल लीगचं स्वतःचं स्ट्रीमिंग. 2023 ला सुरू झालं, आणि आपल्यासारख्या परदेशातल्या माणसाला फुकट. माझ्याकडून पाचपैकी चार. कापलेला एक गुण चित्राचा नाही, आवाजाचाही नाही. तो जानेवारी महिन्याचा आहे, आणि त्याबद्दलच जरा सविस्तर लिहायचंय.

आधी ओळख. मी लातूरच्या मार्केट यार्डात एका आडत दुकानावर दिवाणजी. कॅनडाशी आमचा संबंध मसुरीचा आणि पिवळ्या वाटाण्याचा. तिथल्या सस्कॅचवान प्रांतात मसूर पिकते, देशातली जवळपास सगळी तिथलीच, त्यामुळं तिथं पाऊस पडला का नाही हे आमच्या दालमिलवाल्यांना आपल्या औशापेक्षा आधी कळतं. शेठचा पुतण्या तिथंच, रिजायनाला शिकायला गेला. एकदा फोनवर म्हणला, "काका, इथं मॅचच्या दिवशी सगळं गाव हिरवं होतं. आणि लोक टरबूज कोरून हेल्मेटसारखं डोक्यावर घालतात." डोक्यावर टरबूज घालणारी माणसं बघायची एवढ्यासाठीच मी हे उघडलं. खरंच घालतात. पट्टा बांधायची सोयसुद्धा करतात. तो संघ सस्कॅचवान रफरायडर्स, आणि तेव्हापासून आपणही त्यांचेच.

वेळेचं गणित आपल्याला चांगलं जमतं. पूर्वेकडच्या टोरोंटोत संध्याकाळी साडेसातला सामना, म्हणजे आपल्याकडं पहाटे पाच. आमच्या घरात नीटची तयारी चालू आहे, त्यामुळं पाचला दिवा लागलेलाच असतो. पोरगं आतल्या खोलीत बायोलॉजी घेऊन बसतं, मी बाहेर आवाज बंद करून टीव्हीपुढं. पावणेआठ-आठला सामना संपतो, आंघोळ करून यार्डात जायला भरपूर वेळ राहतो. पश्चिमेकडच्या संघांचा रात्रीचा सामना मात्र आपल्या सकाळी साडेसातला लागतो, तो सौद्याच्या घाईत अर्धाच बघून होतो. मधूनमधून चित्र अडकतं, पण ते माझ्या घरच्या इंटरनेटचं दुखणं आहे. कंपनीचं नाव घेत नाही, लातुरात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही.

आवाज बंद ठेवून बघितलं तरी खेळ कळतो, हे मी जमेची बाजू म्हणून लिहितो. अमेरिकन फुटबॉलचाच हा भाऊबंद. एका बाजूला बारा गडी, तिकडं अकरा. दहा यार्ड पुढं सरकायला इथं तीनच डाव, तिकडं चार. मैदान 110 यार्ड लांब, 65 रुंद. तीनच डाव असल्यामुळं कुणी ढकलाढकलीत वेळ घालवत नाही, चेंडू सारखा हवेत. चूक झाली की पंच नारिंगी रुमाल टाकतात. संघ एकूण नऊ, जून ते नोव्हेंबर प्रत्येकाचे 18 सामने, आणि शेवटी ग्रे कप, म्हणजे अंतिम सामना. 2025 चा 16 नोव्हेंबरला विनिपेगमध्ये झाला. आपल्याकडं सोमवारची पहाट, साडेचार. आमच्या रफरायडर्सनी मॉन्ट्रियलला 25-17 नं हरवलं. सामन्याचा मानकरी ट्रेव्हर हॅरिस, वय वर्षं 39. त्या वयाला आमच्या यार्डात हमालसुद्धा पाठीला हात लावून बसतो.

आता जानेवारी.

खेळाडूचा करार ग्रे कप झाला की संपत नाही. तो फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो, मगच खुला बाजार. पण एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली बडी फुटबॉल लीग, जानेवारीतच पुढच्या वर्षाची भरती सुरू करते. त्यांचे जे संघ बाद फेरीत नसतात त्यांना डिसेंबरपासूनच माणसं हवी असतात. मग मधले पाच-सहा आठवडे पोरगं लटकतं. तिकडून बोलावणं आलंय, इकडं कागदावर सही आहे. अशा वेळी कॅनडाचा क्लब काय करतो? बहुतेक वेळा सोडून देतो. "जा बाबा, नशीब काढ." आणि बदल्यात एक डॉलर घेत नाही.

हे वाचून मी आधी चक्रावलो. आपल्या यार्डात सौदा ठरला की ठरला. दुसऱ्या दिवशी उदगीरला क्विंटलमागं दोनशे जास्त निघाले म्हणून कुणी दिलेला माल परत उचलला, तर त्याला पुढच्या हंगामात दारात कुणी उभं करत नाही. युरोपच्या फुटबॉलमध्येसुद्धा करारातला खेळाडू न्यायचा तर मोप पैसे मोजावे लागतात. इथं विकणाराच फाटक उघडून देतो, वर हात हलवून निरोपही देतो.

पैशाचं बोलायचं तर, दिवाणजी आहे, आकडे मांडल्याशिवाय राहवत नाही. सीएफएलमध्ये किमान पगार वर्षाला 70,000 कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले चाळीस-पंचेचाळीस लाख. एनएफएलमध्ये 2025 ला अगदी नवख्याला किमान 8,40,000 अमेरिकन डॉलर, म्हणजे सात कोटींच्या वर. हे झालं संघात बसलेल्याचं. पण तिथं ‘प्रॅक्टिस स्क्वॉड’ म्हणून एक प्रकार असतो. सामना खेळायचा नाही, फक्त सरावाला उभं राहायचं. त्याला 2025 ला आठवड्याला किमान 13,000 अमेरिकन डॉलर. सीझनचे 18 आठवडे धरले तर 2,34,000. म्हणजे तिकडं नुसतं उभं राहणाऱ्याला इकडं हाडं मोडून घेणाऱ्या नवख्याच्या चौपटीहून जास्त. यापुढं कोणता करार कुणाला बांधून ठेवील?

क्लबांचा मोठेपणा आहे असं मात्र समजू नका. 1997 ला ही लीग बुडायला आली होती. अमेरिकेत संघ काढायचा प्रयोग अंगाशी आलेला, तिजोरीत खडखडाट. तेव्हा एनएफएलनं 30 लाख डॉलरचं बिनव्याजी कर्ज दिलं, आणि त्या बदल्यात कराराच्या ऑप्शन वर्षात (क्लबच्या मर्जीनं वाढणाऱ्या शेवटच्या वर्षात) शिरणारे खेळाडू न्यायची मुभा घेतली. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. तो करार कधीच संपला, पण वाट पडली ती पडलीच.

दुसरं कारण मला जास्त पटतं. कॅनडाच्या प्रत्येक संघात जवळपास निम्मी पोरं अमेरिकेचीच असतात, तिकडं नाकारलेली. ती उणे तीस अंशांच्या गावात मसूर बघायला येत नाहीत. इथं दोन वर्षं चमकलो तर परत बोलावतील, या आशेवर येतात. ज्या क्लबनं एकदा एखाद्याला अडवलं, त्या क्लबला पुढच्या वर्षी कोणता दलाल आपलं पोरगं देईल? सोडण्यात तोटा आहे, पण अडवण्यात पत जाते. हे गणित व्यापारी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

या वाटेनं गेलेल्यांत कॅमेरॉन वेकचं उदाहरण मला फार आवडतं. कॉलेज संपलं तेव्हा एनएफएलच्या निवडीत कुणी त्याचं नाव घेतलं नाही. एका संघानं घेतलं, ते लगेच सोडलंही. मग कॅनडातल्या बीसी लायन्सकडं आला. 2007 ला 16 सॅक, 2008 ला 23. सॅक म्हणजे चेंडू फेकायच्या आत समोरच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य गड्याला, गाठून लोळवणं. दोन्ही वर्षं सर्वोत्तम बचावपटू. जानेवारी 2009 ला मायामी डॉल्फिन्सनी नेला, आणि तिकडं कारकीर्द संपवली तेव्हा नावावर 100.5 सॅक. अर्धा कसा, विचारू नका. दोघांनी मिळून पाडला की वाटून घेतात. त्याच्या आधीचा वॉरन मून तर एडमंटनला सलग पाच ग्रे कप जिंकून देऊन 1984 ला ह्यूस्टनला गेला, आणि दोन्ही देशांच्या हॉल ऑफ फेममध्ये बसला.

पण माणूस बघायचा तर नेथन रूर्क बघा. अस्सल कॅनडाचा, व्हिक्टोरियात जन्मलेला. हे महत्त्वाचं, कारण तिथं क्वार्टरबॅक बहुतेक अमेरिकनच असतात. 2022 ला बीसी लायन्सकडून, मधे पाय दुखावला तरी, असा खेळला की 10 सामन्यांत 25 टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडं पोचवून मिळणारे मोठे गुण) फेकले. सीझन संपल्यावर एनएफएलच्या संघांनी चाचण्यांना बोलावलं, आणि जानेवारी 2023 ला तो जॅक्सनव्हिलला गेला. लायन्सनी जाऊ दिला. त्या ऑगस्टमध्ये डॅलसविरुद्धच्या सराव सामन्यातला त्याचा एक फेका शोधून बघाच. दोघंतिघं अंगाला लोंबकळतायत, हा वाकत वाकत सुटतोय, पुन्हा एकानं धरलाय, आता गुडघा टेकणार असं वाटतं, तेवढ्यात पडता पडता हात फिरवून चेंडू थेट टचडाउनसाठी. मी तो तुकडा आमच्या हमालांना मोबाईलवर दाखवला. खेळ कुणाला कळला नाही, पण "परत लावा" सगळेच म्हणले.

आणि एवढं करून काय? प्रॅक्टिस स्क्वॉड. डिसेंबरात न्यू इंग्लंडचा संघ. पुढच्या वर्षी न्यूयॉर्क जायंट्स, मग अटलांटा. एक ना धड भाराभर चिंध्या. ऑगस्ट 2024 ला गडी परत लायन्सकडं. तो नसताना लायन्सची गाडी ओढली होती व्हर्नन ॲडम्स या क्वार्टरबॅकनं. हा आला तसा ॲडम्स बाजूला, आणि सीझन संपल्यावर त्याला कॅलगरीला देऊन टाकलं. सोडताना सगळे गोड बोलतात. परत येणाऱ्यासाठी जागा कुणाची रिकामी करायची हे कुणी बोलत नाही. मला त्या प्रकरणात ॲडम्सचं जास्त वाईट वाटलं. रूर्कचं भलं झालं, 2025 चा लीगमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला.

तर एक गुण कापला तो यासाठी. प्रेक्षक म्हणून तुम्ही जून ते नोव्हेंबर पहाटेची झोप मोडून एखाद्या पोराची चाल, त्याचा हात, त्याची खोड ओळखायला लागता, आणि जानेवारीत दोन ओळींची बातमी येते: अमुक क्लबनं अमुक खेळाडूला एनएफएलची संधी घेण्यासाठी करारातून मुक्त केलं. खेळाडूच्या बाजूनं बघितलं तर योग्यच. कुणाच्याही पोराला सात कोटींचं दार उघडत असेल तर त्याला 70,000 च्या कागदावर बांधून ठेवणाऱ्याला मी तरी माणूस म्हणणार नाही. नियम बदला असंही मी म्हणत नाही. पण एनएफएल इतकी गब्बर, त्यांनी नेलेल्या प्रत्येक खेळाडूमागं घडवणाऱ्या क्लबला काही तरी द्यायला काय हरकत आहे? आडतीवरसुद्धा तोलाई-हमाली कापून मगच पट्टी होते.

बाकी चार गुण पूर्ण. फुकटात इतकं स्वच्छ चित्र, इतका वेगवान खेळ मला दुसरीकडं मिळालेला नाही. ज्याला हा खेळ आहे तसा बघायचाय त्यानं उशीर करू नये. 2026 पासून काही नियम बदलतायत, आणि 2027 पासून मैदान 110 चं 100 यार्डांवर येणार, गोलखांबही मागं सरकणार. अमेरिकेच्या जवळ जायचं चाललंय. मैदानाची लांबी सारखी झाली की पोरं तिकडं न्यायला आणखी सोपं, असा आपला माझा अंदाज.

कुणी घ्यावं: लवकर उठणारे, ज्यांच्या घरी कुणी अभ्यासाला उठतं ते, आणि क्रिकेटच्या तीन तासांच्या जाहिरातींना कंटाळलेले. कुणी घेऊ नये: एकाच खेळाडूवर जीव लावणारे.

जर्सीबद्दल विचारलं होतं दोघांनी, म्हणून सांगतो. पाठीवर नाव छापलेली जर्सी फेब्रुवारीचा मध्य उलटल्याशिवाय मागवू नका, महाग असते आणि परत घेत नाहीत. शेठचा पुतण्या उन्हाळ्यात येणार आहे. परवा विचारत होता, "काका, रफरायडर्सची आणतो, कुणाच्या नावाची आणू?" म्हणलं, कोऱ्या पाठीची आण, आणि जमलं तर एक मोठ्या मापाची, आमच्या ह्या हमालांना टरबुजासकट फोटो काढायचाय.